मावशींचा ताप

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे उम सैदच्या आमच्या कॉलनीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कतारमधल्या मेसईदला तेव्हा आम्ही सगळे उम सैदच म्हणायचो. कुणाला बढती मिळाली, कुणाकडे पाळणा हलणार, कुणाची सासू येऊन बसलीय, सगळं माझ्या ओट्यावरून पुढे जायचं. नवरा म्हणायचा, "तुला सांगितलं की पेपर घ्यायला नको." अशा बाईवर एक मरण लपवायची वेळ आली, आणि तेही ब्राझीलमध्ये जाऊन.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा सुमार असेल. त्याआधी सहा वर्षं आमच्या भिंतीला लागून नाशिकची माझी मैत्रीण राहत होती. दोघींचे नवरे एकाच खत कारखान्यात. माझ्या कुकरच्या शिट्ट्या ती मोजायची आणि तिसरी झाली की भिंतीवर थाप मारायची, कारण मी विसरणार हे ठरलेलं. तिच्या पलीकडे एक ब्राझिलियन कुटुंब होतं. नवरा पोलाद कारखान्यात, बायको घरी. तिला इंग्रजी यथातथाच, आम्हाला पोर्तुगीजचा गंध नाही. मग आम्ही तिघींनी मिळून एक भाषा केली: तोडकंमोडकं इंग्रजी, थोडी हिंदी, आणि अडलं की अरबी "यल्ला" नाहीतर "खलास", चला नाहीतर संपलं. त्या भाषेत आम्ही नवऱ्यांच्या यथेच्छ कागाळ्या केल्या, म्हणजे तशी ती पुरेशी होती.

पुढे ब्राझिलियन मैत्रीण रिओला परत गेली. नाशिकच्या मैत्रिणीच्या नवऱ्याला साओ पाउलोत नोकरी लागली आणि तीही गेली. भिंतीपलीकडे एक कुणीतरी गंभीर कुटुंब आलं, आणि माझी डाळ करपायला लागली.

दोन वर्षांनी साओ पाउलोहून बातमी आली की चाळिशीला टेकताना तिला दिवस गेलेत. याआधी तीनदा आशा लागून तुटली होती. उम सैदच्या दवाखान्यात तिच्या उशाशी मी बसले होते, त्यामुळे आनंदाच्या आधी मी बोटांवर महिनेच मोजायला लागले. पहिलं बाळंतपण माहेरचं, पण या वयात आणि अशा तब्येतीत तिने नाशिकला जाणं शक्य नव्हतं. म्हणून माहेरच तिच्याकडे जायचं ठरलं. म्हणजे तिची आई. मी त्यांना मावशी म्हणायचे. त्यांनी नाशिकहून मुंबई, मुंबईहून दोहा असं यायचं, आमच्याकडे दोन दिवस राहायचं, आणि मी त्यांना पुढे घेऊन जायचं. मावशींना मराठीशिवाय काही येत नव्हतं आणि विमान त्यांनी फक्त आकाशात पाहिलं होतं. माझा मुलगा पुण्याला होस्टेलवर होता, मी मोकळीच होते. माझी तिकिटं निघाली, एक्झिट परमिट हातात आलं. दोह्यातल्या अल नस्रच्या एका दुकानातून मी डोहाळजेवणाची हिरवी साडी आणली.

आणि मावशी निघायच्या चार दिवस आधी नाशिकहून ट्रंक कॉल आला. तिचा भाऊ बोलत होता. "ताई, आई गेली." दुपारी मेथी निवडायला बसल्या होत्या, तिथेच कलंडल्या. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी तोंडात पदर कोंबला. तो पुढे बोलतच होता. "तिला सांगायचं नाही. तिचा बीपी वर गेलाय, डॉक्टरने तिकडे बजावलंय की मनाला धक्का नको. आईला ताप आलाय, प्रवास पुढे ढकललाय, अशी तार मी करतो. तुम्ही जा, ताई. तुम्ही तरी जा. बाळ हातात आलं की मग मी सांगेन."

"आणि तोवर मी काय करू?"

"काही नाही. बोलू नका फक्त."

नवऱ्याला सांगितलं, तर त्याची प्रतिक्रिया काय? "जमणार आहे का तुला?" मावशी गेल्याचं दुःख राहिलं बाजूला, मी त्याच्यावरच उखडले. पण रात्री तो झोपायचं सोडून माझ्या शेजारी बसून राहिला, तेव्हा कळलं की तो टोमणा नव्हता, तो घाबरला होता.

लंडनला विमान बदलून मी आधी रिओला उतरले. ठरलंच होतं तसं. मावशींना एवढा लांबचा प्रवास सलग झेपला नसता म्हणून दोन दिवस रिओतल्या मैत्रिणीकडे थांबायचं आणि मग बसने साओ पाउलो. तिने विमानतळावर मला मिठी मारली आणि माझ्या मागे बघत म्हणाली, "ममा?" मी मान हलवली, वर बोट केलं, आणि तिथे, सामानाच्या ढकलगाडीला धरून, पहिल्यांदा पोटभर रडले.

रिओ सुंदर आहे म्हणतात. असेल. मला आठवतो तो समुद्रकाठचा काळ्यापांढऱ्या दगडांचा फुटपाथ, कारण दोन्ही दिवस मी खाली मान घालूनच चालत होते. ती मला हौसेने सगळं दाखवत होती. डोंगर दाखवला, खाडी दाखवली, कोपऱ्याकोपऱ्यावरच्या रसाच्या दुकानांतून नावं न कळणाऱ्या फळांचे रस पाजले. उघड्या अंगाने समुद्रावर निघालेली माणसं भाजीवाल्यासमोर थांबून भाव करत होती, आणि एरवी मी हे पाहून चार दिवस हसले असते. ती मध्येच विचारायची, "टेल हर व्हेन?" मी म्हणायचे, "आफ्टर बेबी." तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा ती रस्त्यातच थांबली.

"हर ममा," ती म्हणाली. "नॉट युवर ममा. नॉट ब्रदर ममा ओन्ली. हर." आणि मग आमच्या जुन्या भाषेत, हात झटकून, "टेल. खलास."

मला राग आला. हिला काय जातंय सांगायला! तीनदा रिकाम्या हाताने दवाखान्यातून परत आलेली बाई हिनेही पाहिली होती. मी तिला म्हटलं, तुमच्यात असेल तसं, आमच्यात गरोदर बाईला अशी बातमी देत नाहीत. तिने खांदे उडवले आणि मला कॉफी पाजली, इवल्याशा कपात, इतकी गोड की दात शिवशिवले. दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसवताना मात्र तिने माझा हात बराच वेळ सोडला नाही.

सहा-सात तासांचा तो रस्ता मी मनात एकच वाक्य घोळवत काढला. "ताप आहे, पण काळजीचं कारण नाही." दहा वेळा म्हणून पाहिलं. हसून, सहज, कपाळाला आठी न घालता. साओ पाउलो जवळ यायला लागलं तशा इमारतीच इमारती सुरू झाल्या, संपेचनात. बारीक पावसाची भुरभुर होती. बसच्या थांब्यावर ती उभी होती, पोट पुढे, एक हात कमरेवर. मावशी येणार नाहीत अशी तार तिला मिळालेली होती. तरी मी उतरल्यावर तिने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. बसचं दार बंद होईपर्यंत पाहत राहिली.

"ताप आहे," मी म्हटलं. "काळजीचं कारण नाही."

"माहितीये," ती म्हणाली. "भावाची दुसरी तार आलीय. बरी आहे म्हणे."

इथून सगळं बिघडायला लागलं. तिने काळजी करू नये म्हणून भावाने दुसरी तार केली, "आई बरी आहे." चार दिवसांनी तिसरी, "आई उत्तम. चिंता नको." पुरुषांनी रचलेलं खोटं! अहो, खोटंच बोलायचं तर एखाद्या बाईला विचारा. उत्तम असलेली आई लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला का येत नाही, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आलाच नाही. तिच्या नवऱ्याच्याही नाही. त्याला सगळं माहीत होतं, मेहुण्याने त्याला ऑफिसात फोन करून सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये तो मला पुटपुटत म्हणाला, "आणि हे बघा, ऐकल्याशिवाय सुतक लागत नाही. तेव्हा तसाही काही दोष नाही." उम सैदला श्रावणी सोमवारी चिकन खाणारा हा माणूस, एकदम शास्त्र सांगायला लागला. मग साइटवर काम निघालं म्हणून सोमवार ते शनिवार गायब झाला. घरात आम्ही दोघी आणि तीन तारा.

सुरुवातीचे दिवस ती काळजी करत होती. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावायची आणि हात जोडून म्हणायची, "आईचा ताप उतरू दे रे बाबा." मी मागे उभी असायचे. माझे हात आपोआप जोडले जायचे आणि काय मागावं ते मात्र सुचायचं नाही.

दिवसा ती मला शहर दाखवायला न्यायची. डॉक्टरने रोज चालायला सांगितलं होतं. जपानी लोकांच्या वस्तीत तिने आलं, मुळा आणि चक्क कारली मिळणारं दुकान शोधून ठेवलं होतं. रस्त्यावरच्या बाजारात भेंडी होती. एका टोपलीत मातकट, जाड मुळं होती, ती उचलून म्हणाली, "ओळख बरं? आपला साबुदाणा यातनं निघतो. मूळचा इथलाच. आपल्या सगळ्या एकादश्या ब्राझीलच्या जिवावर." मी खरंच हसले, बऱ्याच दिवसांनी. लगेच ती म्हणाली, "आईला दाखवायचं होतं हे. तिला पटणारच नाही, बघ." हसू गिळून मी भेंडी मोडून बघायला लागले.

मग तिसरी तार आली, आणि काळजीचा राग झाला.

"उत्तम आहे तर येत का नाही?" ती म्हणाली. मी म्हटलं, अशक्तपणा असतो, वय आहे. "वय! वहिनीच्या तीन बाळंतपणांना कंबर बांधून उभी होती. तेव्हा वय नव्हतं?" मी म्हटलं, लांबचा प्रवास. "मग आधी हो कशाला म्हणाली?" जी बाई शेजारच्या कुकरवर सुद्धा मत देते, ती गप्प बसली की समोरच्याला वाटतं, हिलाही पटतंय. तसंच झालं. रोज एक नवीन जुनी गोष्ट निघायला लागली. लहानपणी भावाला दूध आणि हिला चहा. भावाचा वाढदिवस, आणि हिचा विसरलेला. "माझं कधी काही नव्हतंच तिला," असं ती पोळ्या लाटत म्हणायची, आणि मी कांदा चिरत ऐकायचे. मावशींनी डोहाळजेवणाची गाणी वहीत उतरवून घेतली होती, पासपोर्टच्या फोटोसाठी आयुष्यात पहिल्यांदा स्टुडिओत गेल्या होत्या, हे मला त्यांच्याच तोंडून फोनवर कळलेलं. आणि ते सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, मग अडलं कुठे?

डोहाळजेवण तिने रद्द केलं. "आईच येत नाही, ओटी कोण भरणार? नको मला कौतुक." मी म्हटलं, "मी भरते." तर म्हणाली, "तू भरशीलच गं. तू सातासमुद्रापलीकडून आलीस. जिने यायचं ती घरात बसलीय."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. बीपी वाढू नये म्हणून केलेल्या खटाटोपाने तिचा बीपी रागाने वाढत होता. नर्स घरी येऊन मोजायची आणि पट्टा सोडताना माझ्याकडे बघायची. मी तिच्या नवऱ्याला साइटवर फोन केला. "सांगून टाकू?" तो म्हणाला, "प्लीज, प्लीज, तेवढं करू नका. काही झालं तर?" काही झालं तर. त्याच्यापाशी एवढंच होतं, आणि खरं सांगते, त्याच्यापुढे माझ्यापाशीही काही नव्हतं. चौथ्यांदा तसं झालं असतं तर मी कुणाला तोंड दाखवणार होते?

रविवारी सकाळी ती न्हाऊन, केस पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "कॉल बुक केलाय. नाशिकचा. नऊ-साडेनऊला लागेल, तिकडे संध्याकाळ असते, सगळे घरात असतात." नवरा शनिवारी रात्री यायचा तो आलाच नव्हता. मी म्हटलं, "कशाला उगाच? लाइन नीट लागत नाही." "लागेल. मला फक्त एक वाक्य बोलायचंय."

फोनशेजारी खुर्ची ओढून ती बसली. मी समोर. चहा पुढे तसाच.

"काय बोलणार आहेस?"

"येऊच नकोस म्हणणार आहे आता. बरं वाटलं तरी येऊ नकोस. बाळाचं तोंड बघायलाही नको. लेक नव्हतीच असं समज म्हणावं." हे बोलताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. म्हणजे आदल्या रात्रभर तिने ते घोटून ठेवलं होतं. "तू साक्षीला आहेस म्हणून बरं. नंतर मीच म्हणेन, मी असं बोललेच नाही."

मला आतापर्यंत तिच्यासाठी भीती वाटत होती, तिच्या पोटातल्या जिवासाठी भीती वाटत होती. त्या क्षणी मला मावशींचा इतका कळवळा आला की बाकी सगळं मागे पडलं. मेथी निवडता निवडता गेलेली ती बाई, तिला आपली बाजू मांडायलाही तोंड राहिलं नव्हतं, आणि मी इथे बसून चहावरची साय बाजूला करत होते.

"कुणावर रागावतेस गं?" मी ओरडले. हो, ओरडलेच. "मावशी नाहीत. गेल्या त्या. मी निघायच्या आधीच गेल्या."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी उठून तिच्यापाशी गेले, तिचे दोन्ही हात धरले आणि भराभर सांगत सुटले. मेथी, डॉक्टर, भावाचा फोन, वही, स्टुडिओ, फोटो. सगळं सांगितलं. एकदा बांध फुटल्यावर मला थांबताच येईना. ती रडली नाही. हात सोडवून घेतले आणि पोटावर ठेवले.

"म्हणजे ताप नव्हताच," ती म्हणाली.

"नव्हता."

"मग मी इतके दिवस कुणाला बोलत होते?" पोटावरून हात फिरवत म्हणाली, "पोळ्या लाटताना बोलले ते तू ऐकलंस. भावाला दूध, मला चहा. अगं, मला चहाच आवडायचा. मीच मागायचे तिच्याकडे."

बाळाचं काय झालं हा घोर कुणाच्या जिवाला नको, म्हणून इथेच सांगून टाकते. मुलगी झाली, दिवस भरल्यावर, धडधाकट. तिला मराठी सगळं समजतं आणि उत्तरं ती पोर्तुगीजमध्ये देते. पण हे मला आज माहीत आहे. त्या सकाळी मी फक्त तिच्या पोटावरच्या हातांकडे बघत होते, आणि देवाकडे काय मागायचं ते एकदाचं मला सुचलं होतं. तिचा श्वास वरवरचा चालला होता. मी पाणी आणलं. तिने दोन घोट घेतले, तेवढ्यात फोन वाजला.

मी उचलायला धावले. तिने हात आडवा केला.

ऑपरेटरशी ती पोर्तुगीजमध्ये बोलली, अगदी नेहमीच्या आवाजात. मग खरखर, आणि मग भाऊ. परदेशाच्या कॉलवर सगळे ओरडूनच बोलतात, त्यामुळे मला उभ्या जागी त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. कशी आहेस, जपतेस ना, ताई कशा आहेत, हवा कशी आहे. भीतीने तो थांबतच नव्हता.

"आई कुठेय?" तिने विचारलं.

तिकडून क्षणभर नुसती खरखर आली. "आई ना? आई झोपलीय गं. आत्ताच. उत्तम आहे अगदी, फक्त औषधाने जरा झोप येते. उठवू का?"

उठवू का म्हणाला! मला वाटलं, आता ही फुटणार. मी तिच्या खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभी राहिले. तिने डोळे मिटले होते. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता.

"नको," ती म्हणाली. "झोपू दे तिला."

"बरं, बरं. मग काही निरोप सांगू का?"

"सांग तिला," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज फाटला, "मी रागावलेली नाहीये म्हणावं. अजिबात नाही. सांगशील ना?"

खरखरीत काही ऐकू येईना. ती वाट पाहत राहिली. मग लांबून, अगदी हळू, न ओरडता, भाऊ म्हणाला, "सांगतो."